सौर निविदेत खेजडीचा रकाना

प्रति,
मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



राजस्थानच्या बिकानेर, फलोदी, जोधपूर, जैसलमेर या पट्ट्यात सौरप्रकल्पांच्या जागेवरची खेजडीची झाडे तोडली जात आहेत, हे आपल्या कानावर असेलच. बिकानेर जिल्ह्यातले गावकरी २०२४ पासून त्याविरुद्ध धरणे धरत आहेत, मोर्चे काढत आहेत. दिल्लीहून पाहिले तर हा राज्य सरकार, जमीनमालक आणि कंपनी यांच्यातला मामला दिसतो. जमीन राज्याच्या अखत्यारीतली, झाडे महसूल खात्याच्या, करार खासगी. आपल्या खात्याने फक्त मेगावॉट मोजायचे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ही झाडे पडतात, कारण आपल्या खात्याच्या निविदांमध्ये आणि अनुदानाच्या नियमांमध्ये त्यांचा उल्लेखच नाही; आणि ती वाचवण्याचा सर्वांत सोपा उपायही त्याच कागदांमध्ये आहे. हे लिहिणारा सौरऊर्जेचा विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता उभी राहावी आणि कोळसा मागे हटावा, असे मलाही वाटते. वाळवंटात पॅनेल लावूच नयेत असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण ज्या दुष्काळाच्या भीतीने आपण हा सगळा खटाटोप करतो आहोत, त्या दुष्काळाशी शेकडो वर्षे झुंजत आलेले झाड त्याच खटाटोपात तोडायचे, या व्यवहाराचा हिशेब कोणीतरी मागायला हवा.

खेजडी म्हणजे आपल्याकडची शमी, काही भागांत जिला सौंदड म्हणतात ती. दसऱ्याला शमीपूजन होते, पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे तिच्यावर ठेवली ही कथा सगळ्यांना पाठ असते, पण झाड ओळखता येणारे थोडे. महाराष्ट्रात ती कोरडवाहू शिवारात, बांधावर एकटीदुकटी दिसते. थरच्या वाळवंटात मात्र ती शेताचा कणा आहे. वर्षाला दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस, तोही धड न पडणारा, उन्हाळ्यात पन्नाशीला टेकणारा पारा आणि हिवाळ्यात गोठवणाऱ्या रात्री, अशा ठिकाणी हे झाड बारा महिने हिरवे असते. याचे मर्म जमिनीखाली आहे. खेजडीचे सोटमूळ तीस मीटरपेक्षाही खोल गेल्याच्या नोंदी आहेत. रोप उगवले की पहिली काही वर्षे वर फारसे काही दिसतच नाही. सगळी शक्ती मूळ खाली नेण्यात जाते. वरच्या थरात तिची मुळे कमी पसरतात, त्यामुळे शेजारच्या बाजरीशी पाण्यासाठी तिचे भांडण नसते. शिवाय ती शेंगवर्गीय असल्याने हवेतला नत्र मातीत आणते आणि पालापाचोळा पडून खोडाभोवतीची जमीन सुधारते. म्हणून मारवाडचा शेतकरी नांगर खेजडीला वळसा घालून चालवतो. बाजरी, मूग, मटकी, गवार ही पिके तिच्या बुंध्याशी मोकळ्या रानापेक्षा बऱ्याचदा जास्त जोमदार येतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे ‘काझरी’ने, हे शेतीशास्त्राच्या भाषेत मांडले, शेतकऱ्याला ते आधीपासून ठाऊक होते.

या झाडाचे वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. इतर झाडे चैत्र-वैशाखात उघडीबोडकी होतात तेव्हा खेजडीला नवी पालवी फुटते, पाऊस यायच्या कितीतरी आधी. त्याच सुमारास कोवळ्या शेंगा धरतात. त्या सांगरी. उकडून वाळवलेली सांगरी आज सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते. पुण्या-मुंबईतल्या मारवाडी घरांत कैर-सांगरीची भाजी होते ती याच शेंगांची. पिकून गळलेल्या शेंगा गुरे आणि पोरे खातात. हिवाळ्याच्या तोंडाला फांद्या छाटून पाला झोडपतात. त्या वाळलेल्या पाल्याला ‘लूंग’ म्हणतात आणि चारा संपत आलेल्या महिन्यांत शेळ्या, मेंढ्या, उंट त्यावर जगतात. छाटलेल्या फांद्या जळणाला, काटेरी डहाळ्या कुंपणाला. छाटणीमुळे खालच्या रब्बीला ऊन मिळते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाड पुन्हा भरते. म्हणजे पीक गेले तरी चारा उरतो, चारा उरला की जनावर टिकते, आणि जनावर टिकले की घर गाव सोडत नाही. दुष्काळी प्रदेशात माणसाची पत शेवटी जनावरावर ठरते, हे मराठवाड्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, ज्याला तिकडे विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात, लोकांनी खेजडीची साल वाळवून, दळून पिठात मिसळली आणि दिवस काढले. साल सोललेले झाड मरते हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

बिष्णोईंच्या बलिदानाचा उल्लेख केल्याशिवाय खेजडीवर लेख लिहिला जात नाही, म्हणून तोही करतो, पण त्यावर माझी मांडणी उभी नाही. १७३० मध्ये जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांच्या बांधकामाला चुना भाजण्यासाठी जळण हवे होते. माणसे खेजडली गावात आली तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून एकूण ३६३ जणांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. त्या घटनेची आठवण म्हणून ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनहुतात्मा दिन पाळला जातो. १९८३ मध्ये खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. तेलंगणाने आपला राज्यवृक्ष म्हणून हेच झाड निवडले, संयुक्त अरब अमिरातीने ‘गाफ’ या नावाने राष्ट्रीय वृक्ष केले. सन्मानाची अशी रेलचेल असूनही झाड पडते याचा अर्थ सन्मान आणि संरक्षण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. टपाल तिकिटावर छापलेले झाड तोडायला कोणाचीच अडचण होत नाही. तेव्हा श्रद्धा बाजूला ठेवून निव्वळ जमाखर्चाच्या भाषेत बोलू.

सौरप्रकल्पाची जागा ठरते कशी? ऊन किती, जमीन सपाट आहे का, उपकेंद्र किती दूर, भाडे किती. थोडक्यात एवढेच. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. फलोदीजवळचा भडला सौर पार्क २,२४५ मेगावॉटचा आहे आणि तो सुमारे १४,००० एकरांवर पसरला आहे. सौरप्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे रंग ठरवले त्यात सौरऊर्जा पांढऱ्या गटात, म्हणजे जवळपास निरुपद्रवी. धुराड्याच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. पॅनेलमधून धूर निघत नाही. पण धूर नाही म्हणजे परिणाम नाही, असे गृहीत धरले गेले आणि जमिनीवर आधी काय उभे होते हे विचारणारी एकही पायरी प्रक्रियेत उरली नाही. कोळशाच्या खाणीला जनसुनावणी द्यावी लागते. हजारो एकरांच्या सौर पार्कला नाही. त्यात भर म्हणून वाळवंटातली जमीन सरकारदरबारी बहुधा ‘पडीक’ असते. जी दरवर्षी पेरली जात नाही ती पडीक, असा हा सरळसोट निकष. गुरे चारायला, सांगरी वेचायला, लूंग झोडायला जी लागते तिला या निकषात जागा नाही. आपल्याकडच्या माळरानांनीही हाच शिक्का सोसला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक होता म्हणून तो माळ वाचला, एरवी त्याचीही गणना नापिकातच झाली असती.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप. राजस्थानच्या उन्हात एक मेगावॉटचा प्रकल्प वर्षाला सतरा-अठरा लाख युनिट वीज सहज देतो. ही वीज औष्णिक केंद्रातून घेतली असती तर आजच्या सरासरीने सोळाशे-सतराशे टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. तेवढ्या जागेवर खेजडीची झाडे असून असून किती असतील? कुठे हेक्टरी पाच-सात, कुठे तीस-चाळीस. एक झाड वर्षाला काही किलो, फार तर दहा-वीस किलो कार्बन शोषेल. म्हणजे कार्बनच्या तराजूत खेजडी शंभर टक्के हरते आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्या कित्येकांनी हे मान्य करायचे टाळले आहे. मी ते मान्य करतो. झाडे कार्बन शोषतात म्हणून सौरप्रकल्प नको, हा युक्तिवाद पहिल्या गुणाकारातच कोसळतो. पण कार्बनचा तराजू इथे लावायचाच का? हवामानबदलाशी लढण्याचे दोन भाग आहेत: एक, तापमानवाढ रोखणे, दुसरा, जेवढी वाढ आता टळत नाही तिच्यात तग धरणे. पॅनेल पहिले काम करते आणि ते जगात कुठेही लावले तरी सारखेच करते. बिकानेरमध्ये वाचवलेला एक टन कार्बन आणि बीडमध्ये वाचवलेला एक टन कार्बन यांत वातावरणाला फरक कळत नाही. खेजडी दुसरे काम करते आणि ते फक्त ती उभी आहे तिथेच करू शकते. पॅनेल शंभर किलोमीटर सरकवता येते, सत्तर वर्षांचे सोटमूळ सरकवता येत नाही. जे हलवता येते त्याने जे हलवता येत नाही त्याला जागा करून द्यावी, एवढीच माझी मागणी. वीज कमी करा असे मी कुठेही म्हटलेले नाही.

यावर आपले अधिकारी म्हणतील, एका झाडामागे दहा रोपे लावायची अट घालू. सरकारी परवान्यांची ही नेहमीची भाषा. निवृत्तीला आलेल्या कर्त्या माणसाच्या जागी दहा तान्ही बाळे हजेरीपटावर घेण्यासारखे हे आहे. संख्या वाढली, काम कोण करणार? खेजडीची वाढ अत्यंत संथ असते. उघड्या रानात शेळ्यांनी खुडलेले रोप वर्षानुवर्षे गुडघाभर झुडूपच राहते. लूंग देण्याजोगे झाड व्हायला दशके जातात, आणि सौरप्रकल्पाचा वीजखरेदी करार असतो पंचवीस वर्षांचा. म्हणजे भरपाईची रोपे कामाला येतील तोवर ज्या प्रकल्पापायी मूळ झाडे गेली त्याचे आयुष्य संपत आलेले असेल. मोठे झाड उपटून दुसरीकडे लावायची कल्पनाही खेजडीच्या बाबतीत फसवी आहे, कारण उपटताना पहिले तुटते ते सोटमूळ, आणि सोटमुळाविना खेजडी म्हणजे पाण्याच्या टँकरवर जगणारे एक काटेरी शोभेचे झाड. शिवाय भरपाईची लागवड होते कुठे? बहुधा रस्त्याकडेला किंवा वनखात्याच्या तुकड्यावर, आणि तीही जे लवकर वाढून हजेरीत दिसेल त्या झाडाची. राजस्थानने हा धडा एकदा घेतलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारवाडात हिरवळीसाठी विलायती बाभूळ आणली गेली, १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला शाही वृक्षाचा मान दिला. ती झपाट्याने वाढली, आणि मग कोणाच्याही आटोक्यात राहिली नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जमीन त्याची, पाऊस बेभरवशाचा, कंपनी वर्षाला खात्रीचे भाडे देते. बाहेरच्या झाडप्रेमींनी त्याला बाजरीच पेरत राहा असे सांगण्याचा काय अधिकार? काहीही नाही. ज्याच्या घरात लग्न आणि दवाखाना एकाच वर्षी आला आहे त्याने भाडेकरार केला तर त्याला दोष देणारा शहाणा नव्हे. पण भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. त्याच शेतातून लूंग नेणारा शेळीवाला, वाट्याने कसणारा, शेंगा वेचून पोट भरणारी बाई, यांचे नाव कागदावर नसते आणि करारावर त्यांची सहीही नसते. झाड एकाच्या मालकीचे आणि त्याचा उपयोग दहांना, हे वाळवंटातल्या गावाचे जुने गणित आहे. त्यातही शेतकऱ्याला झाड तोडायचा उत्साह असतोच असे नाही. कंपनीला जमीन ‘मोकळी’ हवी असते म्हणून तो तोडतो किंवा तोडू देतो. १९५५ च्या राजस्थान कुळकायद्यात विनापरवाना वृक्षतोडीला ठरवलेला दंड होता शंभर रुपये. त्या काळी तो जरब बसवणारा असेल. कोट्यवधींच्या प्रकल्पात तो चहापाण्याच्या खर्चातही मोजला जाणार नाही. कडक कायद्याची चर्चा राजस्थानात सुरू आहे आणि तो यायलाच हवा, पण निव्वळ दंड वाढवला की परवान्यांचा बाजार वाढतो हा सगळीकडचा अनुभव आहे. झाड उभे ठेवण्यात शेतकऱ्याचा फायदा झाला पाहिजे. भाड्याच्या दरात उभ्या खेजडीमागे वार्षिक रक्कम जोडली, तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी तोच हिशेब करील.

तंत्रज्ञांचा आक्षेप वेगळा आहे आणि खरा आहे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या संपूर्ण साखळीचे उत्पादन घसरते. त्यात पक्षी, पाने, धूळ. मोठे झाड आणि पॅनेल यांचा संसार शेजारी-शेजारी सुखाचा होत नाही. म्हणून ‘झाडेही ठेवा, पॅनेलही लावा’ अशी गोड तडजोड मी सुचवत नाही. जिथे झाडे विरळ आहेत तिथे सावलीपुरते अंतर सोडून रांगा आखता येतात. थोडी जमीन वाया जाते, ती जाऊ द्यावी. जिथे दाट आहेत ती जागा प्रकल्पासाठी निवडूच नये. पॅनेल आणि पीक यांचे मात्र जमू शकते. काझरीने जोधपूरला १०५ किलोवॉटचा कृषी-सौर प्रकल्प उभारून रांगांमध्ये मूग, मटकीसारखी बुटकी पिके घेतली, पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी टाक्यात साठवले आणि तेच पॅनेल धुवायला वापरले. हा प्रयोग सरकारी संस्थेचा, सरकारी पैशातला. तो मोठ्या निविदांमध्ये अजून का उतरत नाही, हा प्रश्न आपल्या खात्याला विचारण्याजोगा आहे.

काहीजण म्हणतात, खेजडी तशीही मरतेच आहे. हे अर्धे खरे आहे. भूजल खोल गेले, ट्रॅक्टरच्या फाळांनी नवी रोपे उखडली, छाटणीचा अतिरेक झाला, दुबळ्या झाडांच्या मुळांना भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी पोखरले आणि बुरशीने गाठले. जोधपूरच्या शास्त्रज्ञांनी ही कारणे नोंदवली आहेत. पण आजारी माणसाला वाहनाखाली ढकलणारा त्याचे दुखणे पुढे करून सुटत नाही. झाडांची संख्या आधीच घटते आहे याचा सरळ अर्थ असा, की उरलेल्या प्रत्येक जुन्या झाडाची किंमत वाढली आहे.

घाईचाही मुद्दा निघेल. २०३० जवळ आले, सर्वेक्षणात वेळ घालवायला सवड कुठे? याचे उत्तर राजस्थानातच आहे. २०२५ मध्ये तिथे भर दुपारी तयार होणारी सौरवीज थांबवून ठेवावी लागली, कारण ती बाहेर नेणाऱ्या वाहिन्या पुऱ्या पडत नव्हत्या. म्हणजे पॅनेल उभे, ऊन फुकट, आणि वीज कोणाच्याच उपयोगाची नाही. प्रकल्पांची अशी एकाच पट्ट्यात गर्दी आपोआप झाली नाही. आंतरराज्य पारेषणाचे शुल्क जून २०२५ पर्यंत कार्यान्वित होणाऱ्या प्रकल्पांना माफ होते, त्यामुळे सर्वांत स्वस्त उन्हाकडे धावणे प्रत्येक कंपनीला परवडले. धोरणानेच जी गर्दी केली ती धोरणाने पांगवता येते. झाडांची मोजणी करायला लागणारे दोन-तीन महिने वाहिनीची वाट पाहण्यात जाणाऱ्या काळापुढे काहीच नाहीत. दुसरीकडे जागांचा तुटवडाही सांगितला जातो तेवढा नाही. कच्छमधल्या खावडा इथे खाऱ्या रणावर देशातला सर्वांत मोठा नवीकरणीय प्रकल्प उभा राहतो आहे. रणातल्या पक्ष्यांचे प्रश्न तिथेही आहेत, पण शेतातली झाडे तोडावी लागत नाहीत. गुजरातनेच २०१२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यात कालव्यावर पॅनेल अंथरून दाखवले. आणि एक कोटी घरांच्या छपरांसाठी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्य घर योजना आपलेच खाते चालवते आहे. छपरावरचा मेगावॉट महाग पडतो, कबूल. पण शेतातल्या मेगावॉटच्या किमतीत झाडाची किंमत शून्य धरलेली असते म्हणून तो इतका स्वस्त दिसतो.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. जमीन राज्याचा विषय आहे हे घटनेनेच सांगितले आहे. पण सौर पार्क योजना केंद्राची आहे. डिसेंबर २०१४ मध्ये २०,००० मेगावॉटच्या लक्ष्याने सुरू झालेली ही योजना २०१७ मध्ये ४०,००० मेगावॉटवर गेली, आणि तीत पार्क उभारणीसाठी मेगावॉटमागे २० लाख रुपये किंवा खर्चाच्या ३० टक्के, यांतले जे कमी ते साहाय्य केंद्र देते. भारतीय सौरऊर्जा महामंडळाच्या निविदांतून देशभर वीजखरेदीचे करार होतात. पैसा आणि करार हातात असणाऱ्याने जागेबद्दल माझे काही चालत नाही म्हणणे शोभत नाही. अनुदानाच्या आणि निविदेच्या अटी लिहायला राज्याची परवानगी लागत नाही. न्यायालयांनीही वाट दाखवली आहे. माळढोकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याच निकालात पक्षी की वीज अशी सोडत न काढता कुठे काय करता येईल हे ठरवायला तज्ज्ञ समिती नेमली. १८ डिसेंबर २०२४ च्या आदेशाने राजस्थानातल्या ‘ओरण’, म्हणजे तिकडच्या देवरायांची, मोजणी आणि नकाशे करायला सांगितले. दोन्ही वेळा तोडगा निघाला तो नकाशातून. देवराईबाहेर, शेताशेतात उभ्या असलेल्या खेजड्यांना मात्र अजून कोणत्याच नकाशात स्थान नाही, आणि कुऱ्हाड पडते आहे ती बव्हंशी त्यांच्यावरच.

हा सगळा मामला राजस्थानचा आहे, मराठीतून त्याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. एक तर आंतरराज्य वाहिन्यांवरून जाणारी वीज कुणा एका राज्याची राहत नाही. दुसरे, हेच प्रश्न आता सह्याद्रीच्या पूर्वेला येऊन ठेपले आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्रांच्या आसपास अर्धा ते पंचवीस मेगावॉटचे प्रकल्प उभे राहत आहेत, खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे, आणि सरकारी जमिनीत गावोगावची गायराने मोठ्या संख्येने आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी या हेतूबद्दल दुमत नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाऊन साप चावून मेलेल्यांच्या घरी कोणी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण गायरानावरची बाभूळ, हिवर, कडुनिंब, शमी यांना त्या जागेच्या कागदात खेजडीइतकेच स्थान आहे, म्हणजे काहीच नाही. केंद्राच्या निविदेत जी पद्धत बसेल तीच पुढे राज्यांच्या निविदांत उतरते. म्हणून ही मागणी आपल्याकडे.

मागणी कोणती ते नेमके सांगतो. केंद्राचे साहाय्य किंवा केंद्राच्या निविदेतला करार हवा असेल, तर जागा निश्चित होण्यापूर्वी त्या जमिनीवरच्या प्रत्येक झाडाची मोजणी ग्रामपंचायतीच्या समक्ष व्हावी. जात, खोडाचा घेर आणि ठिकाण नोंदून ती यादी गावात आणि आपल्या संकेतस्थळावर लावावी. ठरावीक घेराच्या वरची खेजडी हेक्टरी किती असली की जागा बाद, हा आकडा काझरी आणि शुष्क वन संशोधन संस्था या जोधपूरच्याच दोन संस्थांनी ठरवावा. तो मंत्रालयात बसून ठरवू नये आणि कंपन्यांच्या सल्लागारांकडून तर मुळीच नको. विरळ झाडे असलेल्या जागेत ती उभी ठेवून आराखडा करावा आणि त्याने घटणाऱ्या उत्पादनाची सूट निविदेच्या दरात द्यावी, नाहीतर प्रत्येक कंपनी पळवाट शोधील. उभ्या झाडामागे जमीनमालकाला वार्षिक मोबदला द्यावा आणि लूंग-सांगरीचा गावाचा जुना हक्क करारात लिहावा. मोजणीच्या आदल्या महिन्यात झाडे रातोरात नाहीशी झाल्याचे उपग्रहचित्रात दिसले, तर ती जमीन पाच वर्षे कोणत्याही प्रकल्पाला देऊ नये. ही अट नसेल तर वरच्या सगळ्या अटी कुऱ्हाडीला आमंत्रण ठरतील. याला लागणारा खर्च प्रकल्पाच्या एकूण खर्चात शोधावा लागेल इतका किरकोळ आहे. नवा कायदा नको, संसदेत जाणे नको. सौरऊर्जा महामंडळाच्या पुढच्या निविदेच्या मसुद्यात एक परिशिष्ट जोडायचे आहे, आणि मसुद्यावर हरकती मागवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. ते परिशिष्ट हिंदीबरोबर मारवाडीतही गावात वाचून दाखवावे, म्हणजे हरकती योग्य माणसांकडून येतील.

कळावे,

आपला,
एक वीजग्राहक